तिसऱ्याचा आकडा

घड्याळमावशीच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि तिला निवृत्त व्हायचं नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी. पण साहेबांनी आपण होऊन सहा महिन्यांच्या मुदतवाढीचा कागद वर पाठवला, तेव्हा त्यांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर ती जिन्याच्या कठड्याला धरून दोन मिनिटं नुसती उभी राहिली. कागदावर कारण एका ओळीत होतं. तिसऱ्या उपग्रहाच्या घड्याळाविषयीची माहिती अन्य कोणासही नाही.

ओळ खरी होती. ती खरी राहील याची काळजी मावशीनंच घेतली होती.

नोकरीला लागली तेव्हा तिला सगळे मॅडम म्हणायचे. मग ताई म्हणायला लागले. केस पिकले तशी मावशी झाली. "आजी म्हणायच्या आत सुटले म्हणजे मिळवलं," असं ती कॅन्टीनमध्ये म्हणायची आणि पोरं हसायची. घड्याळ हा शब्द तिच्या नावाला कधी चिकटला ते कुणालाच आठवत नव्हतं. गेटवरचा रखवालदारसुद्धा वहीत तेवढंच लिहायचा, घड्याळमावशी, सकाळी सहा पन्नास.

काम होतं वाटाड्यांचं. आकाशात सात उपग्रह सोडलेले. जहाजं, विमानं, मालाचे ट्रक आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन, या सगळ्यांना आपण कुठे आहोत ते या सातांमुळे कळायचं. लोकांना वाटतं, उपग्रह वरून आपल्याकडे डोळा लावून बसलेला असतो. तो बघत-बिघत काही नाही. तो फक्त अखंड सांगत असतो, माझ्याकडे आत्ता इतके वाजलेत. चौघांची वेळ ऐकली, की खालचं यंत्र आपली जागा काढतं. म्हणजे सगळी भिस्त घड्याळावर. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले आणि त्यातला एक तुकडा इकडचा तिकडे झाला, तर जमिनीवरचा माणूस फूटभर सरकतो. ते तुकडे सांभाळणं हे मावशीचं काम. रोज सकाळी प्रत्येक घड्याळ किती पुढे, किती मागे ते बघायचं आणि दुरुस्तीचा आकडा वर पाठवायचा.

"सेकंदाचे तुकडे मोजतेस, आणि घरी यायला रोज उशीर," असं तिची आई म्हणायची. आईचं म्हणणं रास्त होतं.

सातांपैकी सहा शहाणे होते. तिसरा तेवढा तिरसट. प्रत्येक उपग्रहात तीन घड्याळं असतात, एक बिघडलं तर दुसरं, दुसरं बिघडलं तर तिसरं. तिसऱ्याची दोन घड्याळं पहिल्या तीन वर्षांतच गेली. उरलं ते एक, आणि ते थंडी सोसत नसे. वर्षातून दोनदा महिना-दीड महिना असा येतो, की उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीतून जातो. त्याला ऑफिसात सावलीचा हंगाम म्हणत. बाकीचे सहा सावलीतून बाहेर येत आणि कामाला लागत. तिसरा बाहेर यायचा तो फुरंगटूनच. सकाळभर त्याचं घड्याळ मन मानेल तसं धावायचं. किती धावेल याचा संगणकाचा अंदाज चुकायचा. मावशीचा चुकत नसे.

कसा चुकत नसे, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती दोन प्रश्न विचारायची. सावलीतून निघताना घड्याळाच्या पेटीचं तापमान किती होतं? ते तापमान जागेवर यायला किती मिनिटं लागली? मग डोळे बारीक करून आकडा सांगायची. अडतीस. बेचाळीस. एकेचाळीस. तो आकडा वर जायचा, आणि उपग्रहांची वेळ पडताळणाऱ्या जमिनीवरच्या तपासनाक्यांवर, पडद्यावरची तिसऱ्याची रेघ दोरीत आल्यासारखी सरळ व्हायची.

आई होती तोवर या गोष्टीला फारसं महत्त्व नव्हतं. ऑफिसच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात मायलेकी. आईचं पथ्य, आईची औषधं, आईचं "खिडकी लाव" आणि "खिडकी लावलीस कशाला". चार वर्षांपूर्वी आई गेली आणि घर इतकं गप्प झालं, की फ्रिज चालू झाला तरी मावशी दचकायची. लग्न तिचं राहून गेलं होतं, म्हणजे करायचंच असं ठरवलं नव्हतं आणि करायचं नाही असंही ठरवलं नव्हतं. भाऊ दुसऱ्या शहरात होता. फोन करायचा दर पंधरवड्याला, कर्तव्य म्हणून, आणि बोलता बोलता कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाशी बोलायला लागायचा.

पण सावलीच्या हंगामात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, सकाळी सातला घरचा फोन वाजायचा.

"मावशी, झोपमोड केली का? तिसऱ्याचा आकडा सांगता ना?"

झोपमोड कसली. ती पाचपासून अंघोळ करून, चहा पिऊन, खुर्चीत बसलेली असायची. फोन तीनदा वाजू द्यायची, म्हणजे वाट बघत होते असं वाटायला नको. मग विचारायची, "तापमान किती?" आणि आकडा सांगून झाल्यावर, "आज कोण कोण आहे ड्यूटीवर? जेवलास का रे काल? तुझ्या बायकोचा पाय कसा आहे?" पलीकडच्याला घाई असायची, पण आकडा घेतल्याबरोबर फोन ठेवणं बरं दिसत नाही म्हणून तो दोन मिनिटं बोलायचा. त्या दोन मिनिटांवर मावशीचा रविवार जायचा.

गेल्या महिन्यात आठवा उपग्रह सोडला. मोठ्या पडद्यावर अग्निबाण चढत गेला, एकेक टप्पा गळून पडला, उपग्रह सुटा झाला आणि सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. मावशीनंही वाजवल्या. आठवा तिसऱ्याची जागा घेणार होता. आधी तो आपल्या कक्षेत जायचा, मग त्याची घड्याळं तपासायची, मग त्याला कामाला लावायचं, सगळं मिळून सहा महिने. तोवर तिसऱ्याला कसंबसं चालतं ठेवायचं, आणि मग आणखी वर ढकलून, सगळी बटणं बंद करून, सोडून द्यायचं. मुदतवाढ सहा महिन्यांची होती ती म्हणूनच.

"दोघं बरोबरच निवृत्त व्हा," साहेब म्हणाले होते. साहेबांना आपण विनोद केला असं वाटलं होतं.

मुदतवाढ मिळो न मिळो, पदावर दुसरं माणूस घ्यावं लागणारच होतं. ते आलं. बत्तीस-तेहतीसची मुलगी, घरी दहा महिन्यांचं बाळ, खांद्यावर दुधाचा डाग तसाच घेऊन ऑफिसात येणारी. सगळे तिला नवी म्हणायला लागले. नवी हुशार होती, आणि आपण हुशार आहोत याचा तिला संकोच नव्हता. मावशीनं कामाची माहिती लिहून काढली होती, चांगली चाळीस पानं. नवीनं ती दोन दिवसांत वाचली आणि पानाला बोट लावून मावशीच्या टेबलापाशी उभी राहिली.

"मावशी, पान सव्वीस."

"काय झालं पान सव्वीसला?"

"तिसऱ्याबद्दल एकच वाक्य आहे. 'सावलीच्या हंगामात दुरुस्तीचा आकडा घड्याळ-अधिकाऱ्यास विचारून घ्यावा.'"

"मग बरोबर आहे की."

"अहो, पण एक तारखेपासून घड्याळ-अधिकारी मीच. मी कुणाला विचारू? आरशाला?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मावशीही हसली. म्हणाली, "मी काय मरायला टेकलेय का? फोन कर. मी आहे ना."

"बाळाला झोपवून, डबे भरून, सातला इथे पोचायचं आणि वर तुम्हाला फोन करायचा, त्यापेक्षा आकडा कसा काढायचा ते शिकवा ना एकदाचं."

"ते शिकवून येत नाही गं. हाताला बसावं लागतं."

नवीनं मान डोलावली, पण पटल्याची मान वेगळी असते. जाताना ती म्हणाली, "बरं. बघते मी जुन्या नोंदी."

बघ की, मावशी मनात म्हणाली. नोंदीत नुसते आकडे होते, ते कसे काढले ते नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

दोन आठवड्यांनी भावानं बोलावून घेतलं. "ताई, तुझी खोली बघून जा एकदा. नंतर म्हणू नकोस, विचारलं नाही." सावलीचा हंगाम चालू होता. तरी मावशी तीन दिवसांची रजा टाकून गेली. जाताना ड्यूटीवरच्याला भावाच्या घरचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला आणि पुन्हा तोंडीही सांगितला.

खोली मागच्या बाजूला होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या जिन्याची भिंत दिसायची. पलंग होता, कपाट होतं आणि मधोमध भावजयीचं शिवणयंत्र.

"वन्सं, अगदी मोकळेपणानं राहा हं," भावजय म्हणाली. "हे यंत्र तेवढं इथेच असू दे. तुम्हाला अडचण नाही ना? मी दुपारी बसते तासभर. तुम्ही दुपारी झोपता की नाही?"

"नाही झोपत."

"सवय लावून घ्या. या वयात बरी असते." मग ओशाळून म्हणाली, "म्हणजे आपल्या सगळ्यांनाच."

भावजय वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं. तिनं पलंगावर नवी चादर घातली होती, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता आणि दाराच्या मागच्या खुंटीवरचे आपले तीन झगे काढून एक खुंटी रिकामी केली होती. एक.

पहिल्या सकाळी सातला फोन आला. एकोणचाळीस. दुसऱ्या सकाळीही आला. बेचाळीस. भाऊ पेपरमागून म्हणाला, "तुझ्यावाचून पान हलत नाही म्हण की." मावशीला ते इतकं गोड लागलं, की तिनं त्याच्या चहात साखर दोनदा घातली.

तिसऱ्या सकाळी सातला फोन वाजला नाही.

पाच मिनिटं गेली. रिसीव्हर नीट बसलाय ना म्हणून तिनं उचलून पाहिला. त्याच वेळी करत असतील तर, म्हणून घाईनं ठेवला. दहा मिनिटं. सव्वासात. भावजय म्हणाली, "वन्सं, बसा ना टेबलाशी." सात वीसला मावशीनंच ऑफिसला फोन लावला.

"अहो मावशी!" ड्यूटीवरचा म्हणाला. "तुम्ही कशाला तसदी घेतलीत? झालं काम. नवीन मॅडमनी आकडा काढला. दोन आठवडे बसल्या होत्या म्हणे त्याच्यावर. सात दहाला पाठवलासुद्धा."

"किती?"

"ऐंशी. पन्नासच्या वर जाणार म्हणून साहेबांची सही पण काल संध्याकाळीच घेऊन ठेवलीये. एकदम नियमाप्रमाणे."

ऐंशी ऐकलं, आणि मावशीला सगळं एकदम कळलं.

ऐंशी बरोबर होतं. तिसऱ्याचं घड्याळ सावलीनंतर सकाळभरात ऐंशीच तुकडे सरकायचं. नवीनं नोंदीतले मावशीचे आकडे अंदाजाचे म्हणून सोडून मूळ मापं उकरली असणार, आणि प्रामाणिक गणित करून प्रामाणिक उत्तर काढलं असणार. पण आठ वर्षांपूर्वी, त्या वेळचे साहेब सदा दौऱ्यावर असायचे आणि पन्नासच्या वरच्या आकड्याला सही मिळायची नाही, तेव्हा मावशीनं एक युक्ती केली होती. उपग्रहांच्या तापमानाचा एक तक्ता संगणकात असतो. तिसऱ्याच्या सावलीच्या हंगामाच्या रकान्यात तिनं चाळीसची दुरुस्ती कायमची बसवून टाकली. निम्मं काम संगणक आपोआप करायचा. उरलेलं निम्मं ती रोज हातानं घालायची, कधी अडतीस, कधी बेचाळीस, पन्नासच्या आत, सहीवाचून. पुढच्या वर्षी तो तक्ता कुलूपबंद झाला. वहीत लिहायचं तेव्हा राहून गेलं. आई गेल्यानंतर लिहायचं नाही असं ठरलं.

म्हणजे आज चाळीस आधीचे आणि ऐंशी वरचे. तिसरा या क्षणी लोकांना चाळीस फूट चुकीची जागा सांगत होता.

तोंडात वाक्य तयार होतं. थांब, चाळीस कर. एवढंच.

"बरं," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती टेबलाशी जाऊन बसली. भावजयीनं चहा ओतला. मावशीनं दोन्ही हातांनी कप धरला. बघू दे मग, असं तिच्या मनात आलं. एवढी हुशार आहे तर बघू दे. चहा गरम होता, ती फुंकर घालून घालून प्यायली, सबंध संपवला. सात चाळीसला फोन वाजला.

"मावशी, तिसऱ्याला काय झालंय कळत नाही! सगळे तपासनाके बोंबलताहेत. नवीन मॅडम म्हणताहेत आकडा बरोबर आहे, चारदा तपासला म्हणे!"

"चाळीस घाला," मावशी म्हणाली.

"का पण?"

"घाला तर खरं."

वर आकडा पाठवायची पुढची वेळ आठ पन्नासला होती. तोवर तिसऱ्यावर 'वापरू नये' असा शिक्का मारायचा की नाही यावर ऑफिसात वाद झाला, कारण तिसरा काढला तर सहाच उरतात, आणि त्यातला एक नेमका दुरुस्तीसाठी कक्षेत हलवत होते. आठ पन्नासला चाळीस गेले. रेघ सरळ झाली. मधल्या वेळात कुठल्याशा बंदरात जहाजांच्या वाटेची खूण करणारी चार तरती पिंपं भलत्या जागी बसली, ती दुसऱ्या दिवशी उचलून पुन्हा बसवावी लागली. कुणाला इजा झाली नाही. पण बंदराचं पत्र आलं आणि चौकशी लागली.

मावशी परत आली तेव्हा रखवालदारानं सलाम ठोकला. कॅन्टीनवाल्यानं न मागता चहा दिला. "दीडशे कोसांवरून, चहाचा कप हातात धरून दुरुस्त केला म्हणे तिसरा!" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, अनुभव म्हणतात तो हा." मुदतवाढीचा कागद वरून दोन दिवसांत सही होऊन येणार, असंही त्यांनी कानात सांगितलं. आता त्याला कोण नाही म्हणणार होतं?

नवी कोपऱ्यात तिच्या टेबलाशी होती. चौकशी गुरुवारी होती. तिच्या सेवापुस्तकात शेरा जाणार आणि तिला परत जुन्या विभागात पाठवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलत होते.

ती मावशीकडे कागद घेऊन आली. "मावशी, पुन्हा ऐंशीच येतंय. कुठे चुकलं सांगा ना. माझं मलाच दिसत नाहीये."

"अनुभव लागतो गं," मावशी म्हणाली.

हे वाक्य तिनं बोलून टाकलं, आणि दिवसभर ते तिच्या तोंडात कडू औषधासारखं राहिलं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशी पाणी प्यायला म्हणून उठली. खोलीत नवी एकटीच होती. समोर दोन आठवड्यांचं गणित पसरलेलं. संगणक बंद करून ती कागदावर पेन्सिलीनं, पहिल्या ओळीपासून, आकड्याखाली आकडा मांडून बेरीज करत होती. ओठ हलत होते. हातचा धरायला डाव्या हाताची बोटं एकेक मिटत होती. मावशी दारातून पाहत राहिली. सत्तावीस आणि सोळा एवढीशी बेरीज. नवीनं ती केली, खोडली, पुन्हा केली, तेच उत्तर आलं, आणि तरीही तिनं तिसऱ्यांदा बोटं मिटायला घेतली.

मावशीला ते बघवेना. माणूस चुकतो, त्याचं काही नाही. पण बरोबर असलेल्या माणसाचा स्वतःच्या बेरजेवरचा विश्वास उडावा, आणि तो आपण उडवलेला असावा, हे भलतंच होतं.

"ठेव ती पेन्सिल," ती म्हणाली. "तुझं गणित बरोबर आहे."

नवीनं वर पाहिलं.

मावशीनं खुर्ची ओढली आणि तक्त्याचं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीचे चाळीस, कुलूप, न लिहिलेली नोंद. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नवी ऐकत गेली तसा तिचा चेहरा आधी मोकळा झाला, मग लाल झाला.

"म्हणजे तीन दिवस मी वेड्यासारखी…"

"हो."

"आणि तुम्ही मला अनुभव सांगत होतात!"

"हो. आणि अजून एक आहे. त्या दिवशी सात वीसला मी ड्यूटीवर फोन केला होता. ऐंशी म्हणाला तेव्हाच मला कळलं. मी काही बोलले नाही."

"किती वेळ?"

"चहा संपेपर्यंत."

नवीनं पसरलेले कागद एकावर एक रचले. बाहेर कुणीतरी डब्याचं झाकण आपटलं. मग तिनं विचारलं, "का?" आवाज चढवून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

फोन वाजला नाही म्हणून, हे साठीच्या बाईनं कोणत्या तोंडानं सांगायचं? मावशी म्हणाली, "तू विचारलं नाहीस ना, म्हणून."

त्या दुपारी मावशीनं पान सव्वीस फाडलं आणि नवं लिहायला बसली. सोळा हंगामांची विद्या. तिला वाटलं होतं, निदान वीसेक पानं होतील. तापमान इतकं तर इतके, मिनिटं इतकी तर इतके, तक्त्यातले चाळीस काढून टाकावे, पूर्ण आकडा हातानं घालावा, सही घ्यावी. अडीच पानांत संपलं. तिनं पुन्हा वाचून पाहिलं, काही राहिलं का म्हणून. काही राहिलं नव्हतं.

ते घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला.

"मावशी, कशाला उकरताय हे? तुमचा कागद उद्या येतोय. त्या मुलीला मी सांभाळून घेतो, ताकीद देऊन सोडू."

"ताकीद कशाची? चूक माझी आहे."

"आणि त्या ऐंशीवर सही माझी आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मी काय बघून केली होती? तुम्ही तक्ता काढलात की तेही निघेल."

"निघू दे. तुम्ही सही केलीत ते बरोबरच होतं. आकडा बरोबर होता."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "हे इथे लिहून ठेवलंत, तर मुदतवाढीचं कारणच राहत नाही. कळतंय ना?"

"कळतंय. मीच लिहिलंय."

गुरुवारी चौकशीत तिनं उभं राहून सगळं सांगितलं, चहासुद्धा. शेरा तिच्या सेवापुस्तकात गेला, छत्तीस वर्षांतला पहिला आणि तोही शेवटच्या पंधरवड्यात. कॅन्टीनवाला आता पैसे घेऊन चहा द्यायला लागला. तिला कुणी काही बोललं नाही. नुसतं, ती खोलीत आली की चाललेलं बोलणं थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ लागायचा. मुदतवाढीचा कागद आला तसा परत गेला.

दुसऱ्या आठवड्यात तक्ता दुरुस्त झाला, आणि पहिल्यांदाच पूर्ण आकडा नवीच्या हातानं जायचा होता. मावशी पावणेसातला जाऊन बसली. नवी सातला आली, रात्रभर बाळ रडलं होतं, डोळे सुजलेले. तिनं अडीच पानं समोर ठेवली, तापमान पाहिलं, मिनिटं पाहिली, आणि लिहिलं, एक्याऐंशी.

"बरोबर?" तिनं विचारलं.

मावशीच्या मनात ब्याऐंशी आलं होतं. पण तपासनाक्यांच्या मापात एका तुकड्याचा फरक दिसतही नाही. "तू काढलायस ना? मग पाठव," ती म्हणाली.

सात दहाला आकडा गेला. तो लागू पडला की नाही हे कळायला दोन तास पडद्यावरच्या रेघेकडे बघत बसावं लागतं. नवी खुर्ची टेकून बसली. पाच-दहा मिनिटं बघत होती. मग तिची मान एका बाजूला कलली आणि तोंड किंचित उघडं राहिलं. मावशीनं तिच्या हातातला पेन अलगद काढून टेबलावर ठेवला.

आठ वाजले. साडेआठ. ड्यूटीवरचा डोकावून गेला, झोपलेली नवी पाहून त्यानं मावशीकडे बघत भुवया उंचावल्या. मावशीनं तोंडावर बोट ठेवलं. पडद्यावर तिसऱ्याची रेघ चालली होती, ना वर, ना खाली. मावशी प्रत्येक मिनिटाला ती तपासत होती. कुठे किंचित वाकली, तर नवीला उठवावं लागलं असतं, आणि दोघींनी मिळून काहीतरी केलं असतं.

सव्वानऊपर्यंत ती बसून राहिली. उठवावं असं काही झालं नाही.